तारेखालची जागा कोणी निवडली?

डंपरची ट्रॉली वर चढते, ११ केव्हीच्या तारेला लागते आणि फाळक्याची कडी काढायला मागे उभा असलेला क्लीनर जागीच जातो. गुन्हा दाखल होतो चालकावर, निष्काळजीपणाचा. खडी तारेखाली ओतायला कोणी सांगितलं, हे कुणी विचारत नाही.

केंद्रीय विद्युत प्राधिकरणाच्या नियमानुसार ११ केव्हीची उघडी तार रस्त्याच्या कडेने किमान ५.८ मीटर, रस्ता ओलांडताना ६.१ मीटर आणि शेतातून ४.६ मीटर उंच हवी. हायवा डंपरची ट्रॉली पूर्ण उचलली की सहा मीटर सहज ओलांडते. म्हणजे तार अगदी नियमात असली तरी गाडी तिला गाठते. त्यात रस्त्यावर थर चढतात, भराव पडतो आणि तार खाली येत जाते.

टायर रबराचे, म्हणून शॉक लागत नाही, ही समजूत जीवघेणी आहे. केबिनमधला चालक बऱ्याचदा वाचतो, कारण त्याच्याभोवतीचं सगळं लोखंड एकाच विद्युतदाबावर असतं. मरतो तो जमिनीवर उभा राहून गाडीला हात लावणारा. म्हणून चालकाने आतच बसावं, ओरडून सगळ्यांना लांब ठेवावं, जमल्यास गाडी तारेपासून सोडवावी. आग लागली तरच उतरायचं. तेही गाडीला न धरता, दोन्ही पाय जुळवून उडी मारून आणि पाय जुळलेलेच ठेवून लांब जायचं. जमिनीतही वीज पसरलेली असते. लांब टांग टाकली की दोन पावलांमधल्या दाबाच्या फरकानेच माणूस कोसळतो. लाइन ट्रिप झाली म्हणूनही जवळ जाऊ नये. उपकेंद्रातून फीडर पुन्हा चार्ज होऊ शकतो.

पण हे सगळं तार लागल्यानंतरचं. खरा निर्णय आदल्या दिवशीचा असतो. अमेरिकेत ५० केव्हीपर्यंतच्या तारेपासून क्रेन किमान १० फूट दूर ठेवावी लागते. आपल्याकडे शटडाऊन मागितला तर ‘दिवस वाया जातो’ म्हणतात. केबिनमधून वर पाहताना तारेचं अंतर कळत नाही. फक्त तारेवर नजर ठेवणारा एक माणूस खाली लागतोच. तोही बहुतेक ठिकाणी नसतो.

खडी कुठे टाकायची, बोअर कुठे घ्यायची हे तुम्ही ठरवत असाल, तर आधी वर बघा. तार असेल तर जागा बदला. बदलता येत नसेल तर वीज कंपनीकडे लेखी अर्ज करा आणि वायरमनने अर्थिंग करून ‘लाइन बंद’ सांगेपर्यंत गाडी तारेखाली नेऊ देऊ नका.