घोडेस्वाराची वाट कशाला?



वाचनालयातून आपल्या मुली ज्या हलक्याफुलक्या ऐतिहासिक प्रेमकादंबऱ्या घरी आणतात, त्यांचे कथानक आपणांस पाठच असेल. एक वाडा असतो, हट्टी बाप असतो आणि एखादा वृद्ध वा दुष्ट सरदार वर म्हणून ठरलेला असतो. मुहूर्ताच्या आदल्या रात्री नायिका सज्जावरून खाली उतरते. तेथे तरुण घोडेस्वार सज्ज असतोच. शेवटच्या प्रकरणात ती त्याच्याच गळ्यात माळ घालते. असली पुस्तके मुलींना बिघडवितात, असे म्हणून ती हिसकावून घेणारे पालक आपल्या नांदेड-लातूरकडे थोडे नाहीत.

माझे मत उलट आहे. ती पुस्तके हिसकावू नका. मनाविरुद्ध ठरलेला विवाह हे मुलीवरील संकट आहे, एवढे तरी ती सांगतात. पुष्कळ घरांत तेवढेही कोणी बोलत नाही. माझी तक्रार निराळी आहे. या कथांत नायिकेने 'नाही' म्हटले म्हणून लग्न मोडत नाही, घोडा आला म्हणून मोडते. गो. ब. देवल यांचे १८९९ सालचे 'शारदा' नाटक हलके मुळीच नव्हे. वृद्ध वराशी कोवळ्या मुलीचे लग्न लावण्याच्या चालीवर त्याने कठोर प्रहार केला. परंतु तेथेही लग्न थांबते ते वधूवर सगोत्र निघाले म्हणून. शारदेच्या नकाराची किंमत शून्यच!

आता एक खरी हकीकत ऐका. मुंबईच्या सुतार ज्ञातीतील रखमाबाई हिचे लग्न वयाच्या ११ व्या वर्षी दादाजी भिकाजी याच्याशी लावण्यात आले. ती माहेरीच राहिली, शिकली, आणि मोठी झाल्यावर तिने नांदावयास जाण्याचे नाकारले. १८८४ साली दादाजीने मुंबई उच्च न्यायालयात दावा लावला. १८८५ साली न्यायमूर्ती पिन्ही यांनी तिच्या बाजूने निकाल दिला. अपिलात तो फिरला, आणि मार्च १८८७ मध्ये न्यायमूर्ती फॅरन यांनी हुकूम केला की, नवऱ्याकडे जावे, अथवा सहा महिने तुरुंगात जावे. आपण तुरुंग पत्करू, असे तिने सांगितले. 'केसरी'ने तिच्याविरुद्ध लेखणी चालविली, तरी ती डगमगली नाही. १८८८ साली दादाजीने दोन हजार रुपये घेऊन आपला हक्क सोडला. पुढच्याच वर्षी ती विलायतेस गेली, १८९४ साली डॉक्टर झाली आणि परत येऊन तिने सुरत व राजकोट येथे स्त्रियांची सेवा केली.

या कथेत घोडेस्वार कोठे आहे? ती रात्री पळाली नाही. दिवसाढवळ्या, आपल्या नावानिशी, न्यायासनासमोर तिने नकार दिला. तिच्या प्रकरणाने उठलेल्या वादळातून १८९१ सालचा संमतिवयाचा कायदा पुढे आला. मात्र तो ब्रिटिश हिंदुस्थानापुरता होता. आपला मराठवाडा तेव्हा निजामाच्या राज्यात होता. येथील लेकींच्या वाट्याला तेवढाही आधार आला नाही.

आज तसे नाही. १९५५ सालचा हिंदू विवाह कायदा बौद्धांनाही लागू आहे. बळाने अथवा फसवणुकीने संमती घेतलेला विवाह त्यातील कलम १२ अन्वये रद्द करून घेता येतो. मात्र बळजबरी संपल्यापासून वा फसवणूक उघड झाल्यापासून एक वर्षाच्या आत अर्ज करावा लागतो. अठराच्या आत लग्न लागलेल्या मुलीला २००६ च्या बालविवाह प्रतिबंध कायद्यान्वये विसावे वर्ष पूर्ण होण्यापूर्वी तो विवाह रद्द करवून घेता येतो. असा विवाह लावणाऱ्यास दोन वर्षांपर्यंत सक्तमजुरी व एक लाख रुपयांपर्यंत दंड होऊ शकतो. लग्न लागण्यापूर्वीच ते थांबवावयाचे असेल तर १०९८ हा दूरध्वनी क्रमांक प्रत्येक मुलीला पाठ हवा.

आणि तो घोडेस्वार? आजच्या कायद्याने पाहिले तर अठराच्या आतील मुलीला पालकांच्या ताब्यातून नेणारा नायक अपहरणाचा आरोपी ठरतो, आणि तिच्याशी त्याने लावलेले लग्न मुळातच निरर्थक ठरू शकते. सज्जावरून उतरलेली ती मुलगी एका सक्तीतून सुटून दुसऱ्या संकटात सापडते. अठरा पूर्ण झालेल्या मुलीची गोष्ट वेगळी. तिने कोणाशी विवाह करावा हा तिचाच अधिकार आहे, असे सर्वोच्च न्यायालयाने २०१८ साली हादिया प्रकरणात स्पष्ट केले आहे.

परंतु कायदा उंबऱ्याबाहेर उभा असतो. दार आतून उघडावे लागते. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत महाराष्ट्रातील २० ते २४ वयाच्या दर १०० स्त्रियांपैकी सुमारे २२ जणींचे लग्न अठरापूर्वीच झालेले आढळले. ऊसतोडीस जाताना वयात आलेली मुलगी मागे कोणाच्या भरवशावर ठेवावी, ही मायबापांची भीती खोटी नव्हे. पण त्या भीतीवर लग्न हा उपाय नव्हे. मुलीसाठी वसतिगृह, शाळा आणि तिच्या पाठीशी उभी राहणारी वस्ती हा उपाय होय. डॉक्टर होण्याच्या तयारीसाठी गावोगावच्या मुली आज लातूरला येऊन राहतात. त्याच गावांतील दुसरी मुलगी सातवीतून काढून बोहल्यावर चढवावयाची, हा कोठला न्याय?

म्हणून माझी विनंती एवढीच : कादंबरी मुलीच्या हाती राहू द्या, आणि तिच्याजवळ रखमाबाईची हकीकतही ठेवा. पाहुणे बोलविण्यापूर्वी मुलीला एकटीला बसवून विचारा, आणि ती 'नाही' म्हणाली तर तो शब्द शेवटचा माना. लाजून गप्प बसली, तर त्या मौनाला होकार समजू नका, पुन्हा विचारा. लेकीचा नकार घरातच ऐकला गेला, तर तिला ना सज्जावरून उतरावे लागेल, ना न्यायालयाची पायरी चढावी लागेल.