शिकवणाऱ्यांना शिकायला उसंत द्या

2025 चा शिक्षक दिन परीक्षेच्या चिंतेत उजाडला. ज्यांची पाच वर्षांहून अधिक सेवा उरली आहे, त्या शिक्षकांनी दोन वर्षांत शिक्षक पात्रता परीक्षा (टीईटी) उत्तीर्ण व्हावे, असा निकाल सर्वोच्च न्यायालयाने 1 सप्टेंबर 2025 रोजी दिला. पात्रता तपासायला हरकत नाही. पण ज्यांची परीक्षा घ्यायची, त्यांना आपण गेल्या काही वर्षांत कसे वागवले, हेही पाहायला हवे.

2023 मध्ये पाठ्यपुस्तकांचे चार भाग झाले आणि धड्यांमागे वह्यांची कोरी पाने जोडली गेली. शिक्षकांनी त्या पानांवर नोंदी करून घ्यायची पद्धत बसवली; दोन वर्षांतच पाने गेली. 2025 मध्ये राष्ट्रीय शिक्षण धोरणानुसार पहिलीला नवे पुस्तक आले. पहिलीपासून तिसरी भाषा शिकवण्याचा आदेश त्याच वर्षी 16 एप्रिलला निघाला. 16 जूनला राज्याच्या बहुतेक भागांत शाळा उघडल्या आणि दुसऱ्याच दिवशी तो आदेश सुधारून आला. महिनाअखेरीस दोन्ही आदेश रद्द झाले. रद्द झाले हे योग्यच झाले, पण तोवर पालकांच्या प्रश्नांना तोंड देत उभे होते ते वर्गशिक्षक.

शिक्षकांना बदल नको असतो, हा आरोप आम्हाला मान्य नाही. ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी बोर्डी-कोसबाडच्या आदिवासी मुलांसाठी शाळेचे रूपच पालटले. गुरे राखणाऱ्या पोरांमागे कुरणावर शाळा नेली. अलीकडचे उदाहरण सातारा जिल्ह्यातील कुमठे बीटचे. विस्तार अधिकारी प्रतिभा भराडे आणि तिथल्या जिल्हा परिषद शिक्षकांनी मूल अनुभवातून स्वतः ज्ञान रचते असे मानणारा ज्ञानरचनावाद वर्गात उतरवला. फरशीवर खडूने आखणी, हाताशी बिया, खडे, काड्यांचे गठ्ठे. मुले जमिनीवर बसून संख्या मांडत, मोडत, पुन्हा मांडत. शिक्षक एकमेकांच्या शाळा पाहत, अडलेले विचारत. राज्यभरातून शिक्षक तिथे वर्ग पाहायला गेले, कारण हे आपल्यासारख्याच शिक्षकाने, आपल्यासारख्याच शाळेत केलेले होते.

पुढे ‘प्रगत शैक्षणिक महाराष्ट्र’ या शासकीय कार्यक्रमाच्या काळात हेच सर्वत्र हवे झाले. अनेक शाळांत फरशा रंगल्या, फोटो वरिष्ठांकडे गेले. फरशीवर काय रंगवायचे हे कळले, का रंगवायचे यावर बोलायला मात्र सवड मिळाली नाही. असे रंगकाम पाहून ज्ञानरचनावाद फसला म्हणणे त्या शिक्षकांवर अन्याय आहे. शिकवण्याची रीत एका वर्गात चुकतमाकत, सहकाऱ्याशी बोलत बदलते. त्याला दोन-तीन वर्षे लागतात आणि तेवढा काळ पुस्तक, मूल्यमापन आणि आदेश स्थिर राहावे लागतात.

पहिलीनंतर इतर इयत्तांचीही पुस्तके बदलणार आहेत. तेव्हा शासनाला आमचे तीन आग्रहाचे सांगणे आहे. नवे पुस्तक आणि त्याचे प्रशिक्षण उन्हाळी सुटीपूर्वी शिक्षकांच्या हाती पडू द्या. शाळांच्या केंद्रस्तरीय शिक्षण परिषदेत माहिती भरण्याच्या सूचना बंद करून तो वेळ पाठांवरील चर्चेला द्या. आणि शाळा सुरू झाल्यावर वर्षभर नवा आदेश काढू नका.