विश्लेषण : लॅपटॉप नवा, पिन जुनी… कन्व्हर्टरचा भुर्दंड ग्राहकालाच का?

नवा लॅपटॉप घरी येतो आणि पहिल्याच दिवशी लक्षात येते, की जुना पेन ड्राइव्ह त्याला लागत नाही. प्रोजेक्टरची वायर बसत नाही, इंटरनेटची केबल लावायला जागा नाही. दुकानदार म्हणतो, ‘कन्व्हर्टर घ्या.’ हजारो रुपये मोजल्यावर आणखी काही शे रुपये द्यावे लागतात, याचा ग्राहकाला राग येतो. हिंगोलीसारख्या जिल्ह्यात हा केवळ चिडचिडीचा विषय नाही. येथे अनेकांचे रोजचे काम आणि सरकारी योजनांचे अर्ज याच जुन्या पिनांवर चालतात. हे पोर्ट का गेले आणि ग्राहकाच्या हाती काय आहे, याचा हा आढावा.

कोणते पोर्ट गेले?

प्रोजेक्टर आणि जुन्या मॉनिटरची निळी, पंधरा पिनांची व्हीजीए जोडणी आयबीएमने १९८७ मध्ये आणली. डिसेंबर २०१० मध्ये इंटेल, एएमडी, डेल, लेनोवो, सॅमसंग आणि एलजी या कंपन्यांनी ती टप्प्याटप्प्याने बंद करण्याचे एकत्रितपणे जाहीर केले. डॉट मॅट्रिक्स प्रिंटरचा रुंद पोर्ट आणि नऊ पिनांचा सीरियल पोर्ट त्याआधीच लॅपटॉपवरून जाऊ लागले होते. पुढे सीडी ड्राइव्ह गेला. पातळ लॅपटॉपमधून लॅन केबलचा पोर्ट आणि कॅमेऱ्याच्या कार्डाची खाचही गेली.

आता पाळी आहे ती आपल्या ओळखीच्या, चपट्या चौकोनी यूएसबीची, म्हणजे ‘टाइप-ए’ची. १९९६ पासून चालत आलेली ही जोडणी स्वस्त लॅपटॉपवर अजून दिसते. पातळ आणि महागड्या लॅपटॉपवर मात्र अनेकदा फक्त ‘टाइप-सी’ असते. टाइप-सीचे मानक ऑगस्ट २०१४ मध्ये निश्चित झाले. आज बहुतेक नव्या मोबाइलच्या चार्जरला हीच पिन आहे.

कंपन्या असे का करतात?

पहिले कारण जाडीचे. टाइप-ए पिन सुमारे साडेचार मिलिमीटर उंच, तर टाइप-सी सुमारे अडीच मिलिमीटर. जाहिरातीत ‘सर्वांत पातळ’ म्हणायचे तर मोठ्या पिनांना जागा उरत नाही. दुसरे कारण सोयीचे. टाइप-सी उलटी-सुलटी कशीही बसते आणि त्याच एका छिद्रातून चार्जिंग, डेटा व पडद्याचे चित्र असे तिन्ही जाऊ शकते. तिसरे कारण खर्चाचे. पोर्ट कमी झाले की आतले सुटे भाग आणि जोडणीचे काम कमी होते.

यातले दुसरे कारण ग्राहकाच्याही फायद्याचे आहे. घरातल्या प्रत्येक वस्तूला वेगळा चार्जर ही कटकट संपावी आणि ई-कचरा घटावा, हे योग्यच. पण जुना पोर्ट काढल्याने जो खर्च वाचतो तो कंपनीचा आणि जो वाढतो तो ग्राहकाचा. वाद या हिशेबाचा आहे.

ॲपलच्या अनुभवातून काय दिसले?

या प्रश्नावरचा सर्वांत गाजलेला वाद ॲपलच्या लॅपटॉपचा आहे. २०१५ मध्ये कंपनीने चार्जिंगसह सगळ्या कामांसाठी एकच टाइप-सी पोर्ट असलेला मॅकबुक आणला. ऑक्टोबर २०१६ मध्ये व्यावसायिकांसाठीच्या मॅकबुक प्रोवरूनही जुना यूएसबी, एचडीएमआय आणि कार्डाची खाच काढली. छायाचित्रकार, प्राध्यापक, संगीत व चित्रपट क्षेत्रातील लोक संतापले. नोव्हेंबर २०१६ मध्ये ॲपलला कन्व्हर्टरच्या किमती काही काळासाठी कमी कराव्या लागल्या. जुन्या यूएसबीचा १९ डॉलरचा कन्व्हर्टर ९ डॉलरला मिळू लागला.

पाच वर्षांनी, ऑक्टोबर २०२१ मध्ये आलेल्या नव्या मॅकबुक प्रोवर एचडीएमआय आणि कार्डाची खाच परत आली. जुनी यूएसबी काही परतली नाही. याचा अर्थ असा, की ग्राहकांनी नेमके सांगितले तर बड्या कंपनीलाही थोडे मागे यावे लागते. मात्र तोवरचा खर्च ग्राहकांनी भरलेला असतो.

हिंगोलीत हा प्रश्न वेगळा कसा?

हिंगोली, कळमनुरी, सेनगाव, औंढा नागनाथ आणि वसमत अशा पाच तालुक्यांचा हा जिल्हा. येथे लॅपटॉप हे बहुतेकदा घरातले किंवा दुकानातले एकमेव यंत्र असते. मुलांचा अभ्यास, ऑनलाइन अर्ज, प्रिंट, हिशेब सगळे त्याच्यावरच. आणि त्याला जोडायच्या वस्तू वर्षानुवर्षे बदलल्या जात नाहीत.

सेवा केंद्रापासून सुरुवात करू. पीएम किसानची ई-केवायसी असो, की दर नोव्हेंबरमध्ये निवृत्तिवेतनधारकांचा हयातीचा दाखला, अंगठ्याचे यंत्र संगणकाला जोडावे लागते. अशी असंख्य यंत्रे टाइप-ए पिनेची आहेत. ग्रामपंचायतीतही तेच. वित्त आयोगाच्या निधीतून देणी चुकवताना सरपंच आणि ग्रामपंचायत अधिकारी या दोघांचीही डिजिटल सही लागते. ही सही पेन ड्राइव्हसारख्या टोकनमध्ये असते आणि ते टोकन सहसा टाइप-एचेच.

बाजारातली स्थिती याहून जुनी आहे. हळदीसाठी हिंगोली आणि वसमतच्या बाजारपेठा प्रसिद्ध आहेत. वसमत हळदीला भौगोलिक मानांकनही मिळाले आहे. माल बाजारात आला, की वजनाचा आकडा महत्त्वाचा. इलेक्ट्रॉनिक काटे आणि भुईकाट्यांचे डिस्प्ले आजही संगणकाला आकडा देतात तो सहसा नऊ पिनांच्या सीरियल वायरीतून. पावती छापायला डॉट मॅट्रिक्स प्रिंटर असतो. ही यंत्रे दणकट आहेत, वर्षानुवर्षे चालतात. दोन-चार वर्षांत बदलतो तो लॅपटॉप.

शाळांतल्या जुन्या प्रोजेक्टरला व्हीजीए वायर लागते. लग्नसराईत फोटोग्राफरला कॅमेऱ्याचे कार्ड लॅपटॉपला लावावे लागते. फायबरचे इंटरनेट गावात आले, तरी वायफायपेक्षा केबलवर ते अधिक स्थिर चालते. केबलसाठी लॅन पोर्ट हवा.

महानगरात कन्व्हर्टर विसरला तर कोपऱ्यावरच्या दुकानात किंवा तासाभरात घरपोच मिळतो. सेनगाव किंवा औंढा तालुक्यातल्या गावात तो मिळवायचा तर तालुक्याला किंवा हिंगोली-नांदेडला जावे लागते. तोवर अंगठा द्यायला आलेल्या म्हाताऱ्या माणसाने काय करायचे? ‘उद्या या’ म्हणजे त्याचे आणखी एक गाडीभाडे आणि सोबत येणाऱ्याची एक दिवसाची मजुरी. या कन्व्हर्टरची किंमत म्हणूनच केवळ काही शे रुपये नसते.

सगळे टाइप-सी सारखे नसतात, म्हणजे काय?

ग्राहकाची सर्वांत मोठी फसगत येथे होते. टाइप-सी हे छिद्राच्या आकाराचे नाव आहे, कामाचे नाही. एकाच आकाराच्या दोन पोर्टपैकी एकातून फक्त डेटा जातो. दुसऱ्यातून डेटा, चार्जिंग आणि चित्र तिन्ही. पहिल्या पोर्टला एचडीएमआयचा साधा कन्व्हर्टर लावला, तर पडद्यावर काहीच येत नाही. ग्राहकाला वाटते कन्व्हर्टर खराब आहे. तो बदलून आणतो, पुन्हा तेच.

केबलचेही तसेच. मोबाइलसोबत आलेली केबल लॅपटॉपला लावली तर चार्जिंग मंद होते किंवा होतच नाही, कारण प्रत्येक केबल जास्त वॅट पेलत नाही. पोर्टशेजारी छोटी चिन्हे असतात. पण ती सगळ्या कंपन्या छापत नाहीत आणि छापली तरी बहुतेकांना त्यांचा अर्थ कळत नाही. या गोंधळामुळे मायक्रोसॉफ्टने २०२५ मध्ये प्रमाणनाचा नियम कडक केला. विंडोज ११ साठी प्रमाणित होणाऱ्या नव्या लॅपटॉपच्या प्रत्येक टाइप-सी पोर्टने डेटा, चार्जिंग आणि किमान एक पडदा एवढे तरी चालवलेच पाहिजे, असे कंपनीने म्हटले. आधी विकले गेलेले लॅपटॉप मात्र आहेत तसेच राहतात.

कन्व्हर्टर घेतला की प्रश्न सुटतो का?

पेन ड्राइव्ह, माउस, कीबोर्डपुरता बहुधा सुटतो. टाइप-सीची लहानशी ‘ओटीजी’ पिन त्यासाठी पुरते. बाकीच्या वस्तूंचे तसे नाही.

सीरियल वायरीच्या कन्व्हर्टरमध्ये एक चिप असते आणि तिला ड्रायव्हर लागतो. काही जुन्या चिपना विंडोज ११ वर ड्रायव्हरच मिळत नाही; नकली चिपची कथा तर आणखी वेगळी. पिन बसते, पण काट्याचा आकडा पडद्यावर येत नाही. अंगठ्याच्या यंत्राचे आणि डिजिटल सहीच्या टोकनचेही असेच होऊ शकते. अलीकडे मोबाइलसारख्या एआरएम प्रोसेसरवर चालणारे विंडोज लॅपटॉप आले आहेत. त्यांची बॅटरी जास्त टिकते; पण नेहमीच्या विंडोजसाठी बनवलेले उपकरणांचे ड्रायव्हर त्यांवर चालत नाहीत. अशा वेळी कितीही महाग कन्व्हर्टर आणला तरी उपयोग नाही.

शिवाय एकच पोर्ट असेल तर चार्जिंग करताना दुसरे काही जोडता येत नाही. मग चार्जिंगची वायर आत घेणारा हब घ्यावा लागतो. वीज जाण्या-येण्याचा भरवसा नसलेल्या भागात ही अडचण किरकोळ नाही.

कायदा ग्राहकाच्या बाजूने आहे का?

कोणता पोर्ट द्यावा, हे भारतातला ग्राहक कायदा कंपनीला सांगत नाही. पण काय दिले आहे हे खरे आणि स्पष्ट सांगावे, असे नक्की सांगतो. ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ ने वस्तूविषयी माहिती मिळणे हा ग्राहकाचा हक्क मानला आहे. २०२० च्या ई-कॉमर्स नियमांनुसार ऑनलाइन विक्रेत्यालाही वस्तूचा योग्य तपशील द्यावा लागतो. ‘यातून प्रोजेक्टर चालेल’ असे सांगून विकलेल्या पोर्टमधून चित्र निघत नसेल, तर तक्रारीला आधार आहे.

तक्रारीसाठी राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा १९१५ हा क्रमांक आहे. तेथे तोडगा निघाला नाही तर जिल्हा ग्राहक तक्रार निवारण आयोगाकडे जाता येते. पाच लाख रुपयांपर्यंतच्या वस्तूसाठी तेथे शुल्क नाही. मात्र बिल आणि जाहिरातीचा किंवा विक्रेत्याच्या संदेशाचा स्क्रीनशॉट जवळ हवा. तोंडी आश्वासन सिद्ध करता येत नाही.

चार्जिंगच्या बाबतीत जग एका पिनेकडे निघाले आहे. युरोपीय संघाने मोबाइल, टॅब्लेट आदींसाठी २८ डिसेंबर २०२४ पासून आणि लॅपटॉपसाठी २८ एप्रिल २०२६ पासून टाइप-सी चार्जिंग बंधनकारक ठरवले. भारतीय मानक ब्युरोनेही जानेवारी २०२३ मध्ये टाइप-सीचे भारतीय मानक प्रसिद्ध केले. म्हणजे टाइप-सी जाणार नाही. तिच्याशी जुळवून घेण्याचा काळ सुसह्य कसा करायचा, एवढाच प्रश्न उरतो.

मग काय व्हायला हवे?

पहिली अपेक्षा कंपन्यांकडून. खोक्यावर जशी रॅम आणि साठवण ठळक छापतात, तसेच कोणता पोर्ट काय करतो हे छापावे, आणि तेही मराठीत. जुना यूएसबी काढला असेल तर एक कन्व्हर्टर खोक्यातच द्यावा. लॅपटॉपच्या किमतीपुढे तो खर्च नगण्य आहे.

दुसरी अपेक्षा सरकारी खरेदीकडून. शाळा, ग्रामपंचायत किंवा कार्यालयासाठी लॅपटॉप घेताना निविदेत जोडणीच्या वस्तूंची यादी असावी. ज्याला रोज डिजिटल सहीचे टोकन लावायचे आहे, त्याला टाइप-ए पोर्ट नसलेला लॅपटॉप देणे हा कंपनीचा नव्हे, खरेदी करणाऱ्याचा निष्काळजीपणा ठरेल. नव्या योजनेसाठी नवे यंत्र सक्तीचे करतानाही ते दोन्ही पिनांसह मिळेल हे पाहावे.

तिसरी गोष्ट ग्राहकाच्या स्वतःच्या हातातली. खरेदीआधी एवढे करावे :

• लॅपटॉपला काय काय जोडता, त्याची यादी करा. शक्य असेल तर टोकन, अंगठ्याचे यंत्र, पेन ड्राइव्ह सोबत नेऊन दुकानातच लावून पाहा.

• टाइप-सी पोर्ट किती, त्यातल्या कोणत्या पोर्टमधून चार्जिंग होते आणि कोणत्यातून चित्र जाते, हे बिलावर किंवा संदेशात लिहून घ्या.

• काटा, बिलिंग किंवा सहीचे काम असेल तर प्रोसेसर कोणता आणि त्यावर तुमच्या यंत्राचा ड्रायव्हर चालतो का, हे यंत्र विकणाऱ्याला आधी विचारा.

• चार्जरवर भारतीय मानक ब्युरोचे चिन्ह आणि ‘आर’ने सुरू होणारा नोंदणी क्रमांक पाहा.

• थोडा जाड पण दोन जुने यूएसबी, एचडीएमआय आणि लॅन पोर्ट असलेला लॅपटॉप मिळत असेल, तर तो ‘जुनाट’ म्हणून नाकारू नका. दुकानाच्या कामाला तोच स्वस्त पडतो.

नवे तंत्रज्ञान नको, असे कोणी म्हणत नाही. हिंगोलीच्या शेतकऱ्याने मोबाइलवरून पीकपाहणी केली, तशीच टाइप-सीही येथे रुळेल. पण बदलाचा खर्च कोण भरणार हे विक्रीआधी सांगितले गेले पाहिजे. लॅपटॉप किती पातळ आहे, हे जितक्या ठळक अक्षरांत छापतात, तितक्याच ठळक अक्षरांत त्यात काय नाही, हेही छापले जावे. तोवर दुकानात पाकीट उघडण्याआधी लॅपटॉपच्या दोन्ही कडा नीट पाहून घ्याव्यात.