अंगणांतील बदकें

गेल्या दोन महिन्यांत तीन वाचकांनीं आम्हांस जवळजवळ एकच प्रश्न विचारला आहे. घरांत मुलें आहेत, वडील मंडळी आहेत, अंगण आहे, विहीर आहे, आणि मुलांना बदकें पाळावयाचीं आहेत. तर आरंभ कसा करावा? आपल्यासारख्या शाकाहारी घरांत बदकें कशाला, असें कोणी म्हणेल. परंतु ज्या विदर्भांत दमयंतीला नलराजाची वार्ता हंसानें येऊन सांगितली, तेथें राहून पांखरांशीं आपला संबंध नाहीं असें आम्हांला तरी म्हणवत नाहीं. संस्कृतांत हंस, कारंडव, चक्रवाक अशीं जलपक्ष्यांचीं नांवें पुष्कळ. घरच्या बदकाला मात्र आपण फारशी ‘बत’ शब्दावरून आलेलें नांव दिलें, हें एक जातां जातां सांगतों. महालांतील आमच्या जुन्या वाड्यांत गेलीं चार वर्षें बदकें आहेत, आणि आमचा आरंभ कसा चुकला तेंच प्रथम सांगणें बरें.

जानेवारीचा महिना होता. आमचे चिरंजीव चार पिलें घेऊन आले. चार-पांच दिवसांचीं, पिवळ्या लवेचीं, यंत्रांत उबवलेलीं. नात त्या वेळीं सात वर्षांची. तिनें विचारलें, “आजोबा, हीं पोहतात ना?” आम्ही तेहतीस वर्षें शाळेंत शिकवीत आलों कीं बदकाच्या पिसांना तेल असतें, म्हणून पाण्यांत असूनहि तें भिजत नाहीं. त्याच भरवशावर आम्हीं तांब्याचें घंगाळ विहिरीच्या पाण्यानें भरलें आणि पिलें त्यांत सोडलीं. थोडा वेळ तीं मजेंत पोहलीं. मग लव अंगाला चिकटली, माना खालीं गेल्या, एकेक पिलूं जड होऊं लागलें. शालींत गुंडाळून शेगडीजवळ ठेविलीं. पण पहांटेपर्यंत दोन गेलीं. नातीनें कोणाला बोल लावला नाहीं. ती एवढेंच म्हणाली, “तुमच्या पुस्तकांत पिलांचें निराळें लिहिलें नव्हतें का?” आम्हांला उत्तर सुचलें नाहीं.

उत्तर पुढें एका पशुवैद्यांकडून मिळालें. बदकाच्या शेपटीच्या बुडाशीं तेलाची गांठ असते, व चोंचीनें तें तेल तें पिसांना चोळतें. पिलाला हें अजून नीट साधत नाहीं, आणि त्याच्या अंगावर पिसें नसून नुसती लव असते. आई असली तर पिलें पाण्यांतून येऊन तिच्या पंखांखालीं शिरतात, वाळतात, ऊब घेतात. यंत्रांतून निघालेल्या पिलाला आई कोठली? म्हणून अंगावर खरीं पिसें येईपर्यंत, म्हणजे सहा-सात आठवडे, त्याला पोहावयास सोडूं नये. पहिल्या आठवड्यांत दिव्याखालीं सुमारें ३२ अंश ऊब असावी, व पुढें दर आठवड्यास तीनेक अंश कमी करावी. दिवा खोक्याच्या एका कोपऱ्यांतच लावावा. सगळीं पिलें त्याखालीं एकमेकांवर चढूं लागलीं तर त्यांना थंडी वाजते. दूर जाऊन चोंच उघडून बसलीं तर उष्मा होतो. थर्मामीटरपेक्षां ही परीक्षा आम्हांस अधिक विश्वासाची वाटते. पिण्याचें भांडें उथळ असावें, पण नाकपुड्यांपर्यंत चोंच बुडेल इतकें पाणी त्यांत हवें. नाहींतर नाकपुड्या चोंदतात.

खाण्याविषयीं घरोघर एकच समज आढळतो, कीं उरलेंसुरलें सर्व चालतें. पाव, शेव, फरसाण हें बदकाचें अन्न नव्हे. भिजविलेले गहूं, शिजविलेला तांदूळ, डाळीचा चुरा, चिरलेली पालेभाजी, मटार हें तें आवडीनें खातें, आणि बागेंतल्या गोगलगाई तर फारच आवडीनें. कोरडें पीठ घशांत अडकतें. शेजारीं पाणी हवेंच. पिलांना नायसिन हें जीवनसत्त्व कोंबडीच्या पिलांपेक्षां अधिक लागतें. तें कमी पडलें तर पाय वांकतात. परंतु सर्वांत जपावयाचें तें बुरशीस. १९६० सालीं इंग्लंडांत टर्की पक्ष्यांचीं पिलें फार मोठ्या संख्येनें अकस्मात् मेलीं. शोध करितां त्यांच्या खाद्यांतील भुईमुगाच्या पेंडींत बुरशीचें विष निघालें. त्यालाच पुढें अफ्लाटॉक्सिन हें नांव पडलें. बदकाचीं पिलें त्या विषानें इतकीं लवकर दगावतात कीं त्याची परीक्षा करण्यासाठीं शास्त्रज्ञ तींच वापरीत. आमच्या कोठींतले कुबट शेंगदाणे ‘जनावराला चालतील’ म्हणून बाजूला काढण्याची जुनी रीत होती; तें वाचल्यापासून ते केरांत जातात.

जातींचा फार घोळ घालूं नये. खाकी कॅम्पबेल अंड्यांसाठीं प्रसिद्ध, पांढरें पेकिन दिसावयास देखणें व अंगानें जड, मस्कव्ही सर्वांत शांत. एकटें बदक कधींहि ठेवूं नये, तें झुरतें; दोन तरी हवींत. भिंतीला भिंत लागून असलेल्या महालांत आवाजाचाहि विचार करावा लागतो. मोठ्यानें ओरडते ती मादी. नराचा आवाज घोगरा व हळू असतो, आणि त्याच्या शेपटीवर एक-दोन पिसें वर वळलेलीं दिसतात. आमचीं राहिलेलीं दोन्ही पिलें माद्या निघालीं. शेजाऱ्यांनीं पहिल्या महिन्यांत दोनदां चौकशी केली, मग त्यांचीं मुलेंच आमच्या अंगणांत येऊं लागलीं.

खरी अडचण जुलैंत आली. अळूच्या वाफ्यांत पहिलें अंडें सांपडलें आणि घरांत कोणी बोलेना. सोंवळ्याच्या विहिरीकडे बदकांनीं फिरकूं नये म्हणून आमच्या मातोश्रींनीं बांबूचें कुंपण आधींच घालून घेतलें होतें. पण अंड्याचें काय? नर नसल्यानें त्यांतून पिलूं होणार नाहीं, हें आम्हीं त्यांना शास्त्रशुद्ध समजावून सांगितलें. ८७ वर्षांच्या मातोश्री म्हणाल्या, “तें कळलें रे. पण तिनें घातलेलें आपण न विचारतां उचलायचें, तें तूं मला समजाव.” तेंहि आम्हांला समजावतां आलें नाहीं. अंडीं तशींच ठेवावीं तर कुजतात, व मादी अन्नपाणी सोडून त्यांवर बसून राहते. शेवटीं मातोश्रींनींच ठरविलें कीं भांडीं घासावयास येणाऱ्या बाईंच्या मुलांना तीं द्यावींत. पण रोज एक अंडें उचलतांना ओंजळभर भिजले गहूं तेथें ठेवावे. तो क्रम अद्याप चालू आहे. ज्या घरीं हा प्रश्न बदकें आणण्यापूर्वीं सोडविला नसेल, तेथें तो मागाहून वाद माजवील.

पाण्याचें आतां थोडक्यांत. तळें नको, डोकें व मान बुडवितां येईल असें सिमेंटचें टांकें पुरे. पण तें एका दिवसांत घाण होतें. आम्ही तें पाणी अळूला व केळींना घालतों, आणि तीं दोन्हीं कधीं नव्हतीं इतकीं फोफावलीं आहेत. मेथी-कोथिंबिरीचें मात्र नांव घेऊं नये, सर्व तुडविली जाते. नागपुरांत मे महिन्यांत पारा ४५ अंशांवर जातो. त्या दिवसांत गडद सावली आणि रोज टांकेंभर ताजें पाणी यांची खात्री नसेल, त्यांनीं हा विचार सोडावा.

‘नाहींच जमलें तर गांधीसागरांत सोडून देऊं,’ असें कांहीं मंडळी सहज म्हणतात. चांद सुलतानानें बांधविलेला तो जुना जुम्मा तलाव आमच्या वाड्यापासून हांकेच्या अंतरावर आहे. घरीं वाढलेलें जड बदक उडूं शकत नाहीं. कांठावरचीं कुत्रीं त्याला एक रात्रहि राहूं देणार नाहींत. आठ-दहा वर्षें जगणारा हा जीव आहे, हें आणतेवेळींच ध्यानांत घ्यावें. उलट तलावावरचें रानबदक पकडून घरीं आणणें १९७२ च्या वन्यजीव कायद्यानें गुन्हा आहे. रानपक्ष्यांचा घरच्या पक्ष्यांशीं संसर्ग तसाहि नकोच. २००६ सालीं नवापूरला बर्ड फ्लूनें केलेला अनर्थ महाराष्ट्रानें पाहिला, आणि २०२४ च्या अखेरीस आमच्या गोरेवाड्याच्या केंद्रांत त्याच रोगानें वाघ दगावले. बदक स्वतः निरोगी दिसूनहि तो रोग बाळगूं शकतें. टांकें झांकून ठेवावें, मुलांनीं हात साबणानें धुवावे, आणि बदक मलूल दिसलें तर घरगुती औषधें न करतां पशुवैद्यांस दाखवावें. नागपूरकरांना सेमिनरी हिल्सवरील १९५८ सालचें पशुवैद्यक महाविद्यालय जवळच आहे.

रात्रीं मांजर व मुंगूस यांचें भय असतें, म्हणून खुराड्याला घट्ट जाळी व कडी हवी. आमच्या घरीं दिवेलागणीस ती कडी लावण्याचें काम नातीकडे आहे. आतां ती अकरा वर्षांची आहे. दोन्ही बदकें आंत गेलीं हें ती मोठ्यानें मोजून पाहते, कडी लावते, आणि मग परवचा म्हणावयास येऊन बसते.