घामाचे दिरहम, परकी तिजोरी
दुबईत राबणाऱ्या मराठी माणसाने आपली शिल्लक इंडेक्स फंडात गुंतवावी, हे शहाणपणाचेच आहे. १९७६ साली जॉन बोगल यांनी अमेरिकेत सामान्यांस खुला केलेला हा मार्ग अल्पखर्चाचा आहे.

परंतु या वाटेवर एक खड्डा आहे! फंड अमेरिकेत नोंदलेला असला, तर अशा परदेशस्थ गुंतवणूकदाराच्या मृत्यूनंतर ६०,००० डॉलरांवरील रकमेवर तेथील सरकार ४० टक्क्यांपर्यंत मृत्युकर घेते. भारताने असा कर १९८५ मध्येच रद्द केल्यामुळे आपली माणसे गाफील राहतात. तोच निर्देशांक अनुसरणाऱ्या, आयर्लंडमध्ये नोंदलेल्या फंडास हा कर लागत नाही.

घामाच्या पैशाचा वारस आपले कुटुंब की परकी तिजोरी, हे फंड निवडतानाच ठरते. मग ही दक्षता आजच का घेऊ नये?