गुडघ्यापाशी लोंबणारी डबी

गाडीवर पुन्हा लिहायचं नाही असं ठरवलं होतं. घरचे हा ब्लॉग वाचतात, आणि मग आईचा फोन येतो, "आता त्या गाडीत आणखी काय घातलंस?" पण गेला महिनाभर डोक्यात दुसरं काही नाही, तेव्हा लिहूनच टाकतो.

गाडी म्हणजे माझी २००८ सालची माझदा मियाटा. दोन माणसं आणि एक बॅग, एवढाच तिचा संसार. बऱ्याच गाड्यांसारखा हिचाही तापमानाचा काटा एकदा मध्यावर आला की मख्ख बसून राहतो. इंजिन थोडं जास्त तापलं तरी ढिम्म. मला खरा आकडा हवा होता. अमेरिकेत १९९६ पासूनच्या गाड्यांत स्टिअरिंगखाली १६ पिनांचं एक सॉकेट असतं, ओबीडी म्हणतात त्याला. मेकॅनिक तिथे यंत्र लावून गाडीचं दुखणं वाचतो. मी तिथे काड्यापेटीएवढी ब्लूटूथची डबी लावली आणि फोनवर आकडे बघत सुटलो. हौसेला मोल नाही!

डबी गुडघ्याला लागायची. म्हणून फूटभर एक्स्टेंशन केबल आणली आणि दिली तशीच सोडून. एके दिवशी बायको गाडी चालवत होती. सिग्नल लाल झाला, तिने क्लच दाबायला पाय उचलला तर तो केबलच्या फासात. गाडी आचके देत बंद पडली. मागे कोणी नव्हतं म्हणून निभावलं. ती मला काय म्हणाली ते इथे लिहीत नाही.

मग मी इरेला पेटलो. खालचं पॅनेल काढलं, केबल आणि डबी दोन्ही आत कोंबली, कापडी टेपने बांधून पॅनेल बसवलं. एक वायर दिसेल तर शपथ! फोटो काढून मित्रांना पाठवले, वाहवा झाली. नंतर तीन आठवडे पुण्याला जाऊन आलो, तर बॅटरी ठार.

कारण साधं आहे. या सॉकेटातली १६ नंबरची पिन थेट बॅटरीला जोडलेली असते, किल्ली काढली तरी तिच्यात वीज असते. मीटर लावून पाहिलं तर डबी ५० मिलिअँपिअर ओढत होती. दिवसाला १.२ अँपिअर-तास, २१ दिवसांत २५. मियाटाच्या इवल्याशा बॅटरीला एवढं पुष्कळ झालं. आणि मला आठवलंच नाही, कारण डबी डोळ्यांसमोर नव्हती.

म्हणून माझं स्पष्ट मत झालंय की या कामात वायर दिसत नाही याचं कौतुक जरा जास्तच होतं. वायर पायात येता कामा नये हे खरं, पण डबी दिसलीच पाहिजे आणि हाताने काढताही आली पाहिजे. बॅटरी हे तर किरकोळ कारण. २०१५ साली सॅन डिएगोच्या कॅलिफोर्निया विद्यापीठातल्या संशोधकांनी एका कॉर्व्हेटच्या याच सॉकेटात विमा कंपन्या देतात तसली डबी लावली होती. त्या डबीला एसएमएस पाठवून त्यांनी गाडीचे वायपर चालवले, आणि गाडी हळू चालत असताना ब्रेक निकामी करून दाखवले. माझ्या डबीत सिमकार्ड नाही, पण ६ आणि १४ नंबरच्या पिनांवरून तीही इंजिनाच्या संगणकाशीच बोलते. असला पाहुणा माळ्यावर लपवून विसरून जायचा नसतो.

आता काटकोनी प्लगची चपटी केबल घेतली आहे, मध्ये बटण असलेली. ती पॅनेलच्या मागून दाराच्या बाजूला नेली. स्टिअरिंगच्या दांड्याला बांधली नाही, कारण तो खालीवर होतो. एअरबॅगच्या पिवळ्या वायरींना तर हातही लावला नाही. डबी डाव्या पायाच्या वरच्या अंगाला वेलक्रोने चिकटवली, आणि वेलक्रो उन्हाने सुटलं तरी ती पेडलपर्यंत पोचणार नाही एवढीच केबल मोकळी ठेवली. मूळची एकही वायर कापलेली नाही. इथे कॅलिफोर्नियात स्मॉगची तपासणी याच सॉकेटातून होते, त्या दिवशी एक प्लग उपसला की सॉकेट मोकळं.

थोडी केबल दिसते. दिसू दे. (आणि आई, सगळा खर्च वीस डॉलरच्या आत झाला.)

परवा बायको गाडीत बसली. आधी वाकून खाली पाहिलं, क्लच तीनदा पूर्ण दाबला, बटण बंद केलं आणि काही न बोलता गाडी बाहेर काढली.