गोदीतला सूर्य समुद्रात बुडत नाही

दोस्तांनो, दहावीचा निबंध हा नुसता आठ-दहा मार्कांचा प्रश्न नाही. कॉलेजच्या दारात उभं राहून आपली पोरं स्वतःच्या आईबापाला पहिल्यांदा नाकारतात ती या निबंधात. आमचे पुढारी पुतळ्यांवर बोलतात, राखीव जागांवर बोलतात, यावर चकार शब्द काढत नाहीत. म्हणून मी बोलतो.

मी गोदीत माल उचलणारा माणूस. शिक्षण मॅट्रिक. शाळेत सराव परीक्षेला विषय आला, ‘समुद्रकिनाऱ्यावरील सूर्यास्त’. मला वाटलं, आयला, हा तर घरचाच पेपर! आजा गोदीत, बाप गोदीत. समुद्र आमच्या खोलीत रोज बापाच्या पाठीवरून येत होता. मी लिहिलं, समुद्राला डिझेलचा आणि गंजाचा वास येतो. पाळी सुटते तेव्हा बापाच्या खांद्यावर गोणीचे वळ असतात आणि घामाचं मीठ त्यात चरचरतं. मी लिहिलं, सूर्य समुद्रात बुडत नाही, तो शेडच्या पाठीमागे, शहराच्या बाजूला बुडतो. मुंबईची गोदी पूर्वेच्या अंगाला आहे. तिथं सूर्य पाण्याकडून उगवतो आणि गिरगाव-दादरकडे मावळतो. हे गोदीतल्या अंगठेबहाद्दरालाही ठाऊक आहे. मास्तरांना ठाऊक नव्हतं. दहापैकी तीन मार्क. खाली लाल शाईत शेरा : ‘वर्णन चुकीचे. सौंदर्यदृष्टी नाही.’

बोर्डाच्या परीक्षेत मी शहाणा झालो. गाइडातला तांबूस गोळा, सोनेरी लाटा, घरट्याकडे परतणारे पक्षी, सगळं घडाघडा उतरवलं. पास झालो. माझ्या मॅट्रिकच्या कागदात माझा बाप नाही. हे मी मिरवायला सांगत नाही, शरमेनं सांगतो.

हे गाइडातलं जग एकदा नीट बघा. तिथली आई सडा-रांगोळी घालते, देवघरात समई लावते, तिच्या आवाजानं घर जागं होतं. तिथल्या मामाच्या गावाला आमराई असते. माझ्या मामाच्या गावातही आमराई होती. पण ती पाटलाची होती, आणि आमचं घर ओढ्यापलीकडं होतं. पांढरपेशांनी आपल्या वाड्याचा फोटो काढला आणि खाली लिहिलं, ‘महाराष्ट्र’. आता आपल्या पोरांनी तो फोटो पाठ करायचा, आणि जो पाठ करणार नाही त्याला सौंदर्यदृष्टी नाही!

आमच्या वस्तीत विहारात रात्री अभ्यासिका चालते. मी तिथं मराठी घेतो. परवा एका पोरीनं ‘माझी आई’ लिहून आणला. समई, देवघर, अंगाई, सगळं जागच्या जागी. तिची आई ठेकेदाराकडं झाडूवर आहे. घरात देव्हारा नाही, बाबासाहेबांचा फोटो आहे. मी वही आपटली. म्हटलं, ही कुणाची आई गं? पोरगी घाबरली नाही. म्हणाली, “दादा, खरं लिहिलं आणि मार्क गेले, तर ते तुम्ही भरून देणार का? मला अकरावीला चांगलं कॉलेज पाहिजे.”

च्यायला, गप्प झालो. तिचा सवाल खोटा नाही. माझी क्रांती तिच्या मार्कांवर कशी करू? रात्रभर डोक्यात तेच.

दुसऱ्या दिवशी मी मुक्ता साळवे घेऊन गेलो. चौदा वर्षांची मांगाची पोर, जोतीराव-सावित्रीच्या शाळेतली. १८५५ साली तिचा मांग-महारांच्या दुःखाविषयीचा निबंध ‘ज्ञानोदय’मध्ये छापून आला. शाळकरी निबंधच तो! पण तिनं सूर्योदय लिहिला नाही. निबंध कसा लिहायचा, हे कुठल्याही गाइडापेक्षा ती जास्त शिकवते.

बघा ती काय करते. समोरच्याचं म्हणणं ती आधी मांडते : वेद फक्त ब्राह्मणांचे. मग त्याच दोरीनं त्याला बांधते : असं असेल तर आमच्याकडं धर्मपुस्तकच नाही, मग आम्ही कुठल्या धर्माचे? याला म्हणतात युक्तिवाद. नंतर ती ‘अन्याय’, ‘शोषण’ असले फुगे सोडत नाही. ती पुरावा ठेवते. पेशवाईत तालीमखान्यापुढून जाणाऱ्या मांग-महाराचं मुंडकं. इमारतीच्या पायात तेल-शेंदूर पाजून पुरलेली माणसं. घरावर छप्पर नसताना थंडीवाऱ्यात बाळंत होणारी बाई. आणि शेवटी आपल्याच माणसांकडं वळून सांगते, शिका.

दावा, पुरावा, हाक. प्रसंगलेखन असो, आत्मकथन असो, वैचारिक असो, एवढी तीन हत्यारं पुरतात. पहिल्या वाक्यात सुभाषित नको, वस्तू ठेवा : झाडू, टोपली, रेशनकार्ड. ‘खूप’ लिहू नका, किती ते लिहा. ‘गरीब’ लिहू नका, चुलीवर काय होतं ते लिहा. एका परिच्छेदात एकच गोष्ट. आणि घड्याळ लावून लिहा, कारण पेपर कुणासाठी थांबत नाही.

इथं काही मित्र म्हणतील, शुद्धलेखन ही बामणी भानगड, झुगारून द्या. मी म्हणतो, थांबा. मॅट्रिक ही तेव्हा मुंबई विद्यापीठात शिरायची परीक्षा होती. बाबासाहेबांना संस्कृत नाकारलं, ते फारसी शिकले आणि १९०७ साली मॅट्रिक झाले. दार बंद होतं म्हणून ते परत फिरले नाहीत. ऱ्हस्व-दीर्घ हा गोदीतल्या आकड्यासारखा आहे. मालकाच्या गोणीत रुततो, पण मूठ आपली असते. आई घरी ‘पानी’ म्हणते, तर तिच्या तोंडी अवतरणचिन्हात ‘पानी’च लिहा. बाकी मजकुरात ‘पाणी’ लिहा. शेरा मारायला निमित्त देऊ नका, आणि आईची जीभही कापू नका.

खरं लिहिल्यावर मार्क मिळतीलच, अशी हमी मी देत नाही. पण तपासनीसाच्या पुढ्यात गठ्ठ्यानं तोच तांबूस गोळा पडलेला असतो. त्यात एक नेटकं, खरं पान आलं तर त्याला मान वर करावी लागेल. नाही केली, तर दोष पोरीचा नाही.

आणि पेपर तपासणाऱ्या गुरुजनहो, तुम्हालाही एक सवाल. ‘बलुतं’ १९७८ साली आलं, तेव्हा तुमच्या जातभाईंनी माना डोलवल्या. आज त्यावर पीएच.डी. होतात. मग तेच जगणं दहावीच्या पोरानं पुरवणीवर लिहिलं की ‘विषय सोडून’ कसं होतं? दलितांचं दुःख पुस्तकात साहित्य आणि पेपरात चूक?

पोरीनं वही परत आणली. समई खोडलेली. पहिलं वाक्य नवं : ‘माझी आई साडेचारला उठते, कारण लोक उठायच्या आत रस्ता स्वच्छ दिसावा लागतो.’ ‘दिसावा’ची वेलांटी पहिली, ‘स्वच्छ’मधला ‘च्छ’ बरोबर. मी दहापैकी नऊ दिले. एक मार्क ठेवला तो माझ्या सूर्यास्तासाठी.

दोस्तांनो, प्रत्येक वस्तीत, प्रत्येक विहारात निबंधाची रात्र लावा. गाइडं रद्दीला घाला. पोरांना विचारा, तुझा सूर्य कुठल्या बाजूला बुडतो? आणि ते सांगतील तसं लिहू द्या.

जय भीम!